धुरपताबाईच्या सात खोल्या

घरमालकिणीबद्दल भाडेकरणीनं चांगलंच बोलावं असा कुठं कायदा नाही, आणि असता तरी मी तो पाळला नसता. धुरपताबाईच्या चाळीत मी बावीस वर्षं काढली. तेवढ्या वर्षांत ती माझ्याशी एकदाही गोड बोलल्याचं मला आठवत नाही, आणि मी संक्रांतीला तिच्या हातावर तिळगूळ ठेवला तोही दात खाऊनच. स्वराज्य यायच्या काही महिने आधी ती गेली. राहिली असती तर दिल्लीवाल्यांकडूनही एक महिन्याचं भाडं आगाऊ मागितलं असतं. आता लोक म्हणतात, मोठी सात्त्विक बाई होती हो. सात्त्विक! माझं तोंड उघडायला लावू नका.

पण उघडलंच आहे तर सांगते.

मी सुशिला. माझा नवरा परसराम छोट्या लाईनच्या इंजिनावर फायरमन. कोळसा तो फेकायचा आणि काळी मी व्हायची, कारण कपडे धुणारी मी. आम्ही मूळचे वर्ध्याकडचे. बदली होऊन गोंदियाला आलो तेव्हा रेल्वेचं क्वार्टर मिळायला थोडा अवकाश आहे असं साहेबानं सांगितलं. तो थोडा अवकाश नवरा रिटायर झाला तरी संपला नाही. स्टेशनात कोणीतरी म्हणालं, फाटकाच्या पलीकडे कोहळी जातीच्या एका बाईच्या खोल्या आहेत, तिथं विचारा. गेलो. खोली उघडली तर आत छतापर्यंत तेंदूपत्त्याची पोती.

"ही रिकामी आहे म्हणाले होते," मी म्हटलं.

"माही खोली रिकामी काऊन राहील?" धुरपताबाई कमरेवर हात ठेवून म्हणाली. "पोते उद्या जातेत. आज सामान आंगनात ठेवा. भाडं आजपासून."

अशी ती. बारकी, काळीसावळी, नऊवारीचा ओचा कायम वर खोचलेला, आणि नजर अशी की तिच्यासमोर चूल जास्त वेळ पेटती ठेवायचीही चोरी. एक भाडेकरू सकाळी गेला आणि दुसरा संध्याकाळी यायचा असला, तर मधल्या दुपारी त्या खोलीत ती कोणाच्या तरी शेळ्या बांधायची. लगीनसराईत वऱ्हाड उतरवायची. सातव्या खोलीचं तर तिनं काय केलं होतं ऐका. दिवसा तिथं बिड्या वळणाऱ्या बाया बसायच्या, त्यांच्याकडून दिवसाचं भाडं. बाया उठून गेल्या की रेल्वेचे खलाशी निजायला यायचे, त्यांच्याकडून रात्रीचं. एकाच खोलीचं दोनदा भाडं! खलाशी सकाळी उठायचे ते अंगाला तंबाखूचा भुगा लागून शिंकतच ड्यूटीवर जायचे. भैय्यालाल म्हणून एक बिडीच्या कारखान्यातला मुनीम आमच्या शेजारी होता. तो म्हणायचा, "बाईजी, आप तो अंग्रेजों से भी तेज हैं." तिला ते कौतुक वाटायचं.

अक्षराशी तिचं काही देणंघेणं नव्हतं. तिच्या खोलीत फळीवर सात गाडगी होती, एकेका खोलीचं एकेक. ज्या खोलीचं भाडं त्या गाडग्यात. त्या खोलीच्या छपराचे कवेलू बदलायचे, दार दुरुस्त करायचं, तर पैसे त्याच गाडग्यातून. एका खोलीचा खर्च दुसऱ्या खोलीच्या पैशातून ती कधी करायची नाही, मग छत डोक्यावर पडो. वर्ष संपलं की सातही गाडगी खाली काढून हातानं वजन पाहायची. जे हलकं लागेल त्या खोलीकडे महिनाभर अशी बघायची की खोलीला लाज वाटावी. "चौथी खोली आळशी होऊन रायली," असं ती एकदा मला म्हणाली, आणि चौथ्या खोलीत मीच राहात होते.

ती सडक अर्जुनीकडच्या एका गावची सून. कोहळी लोक, ऊस लावणारे, गूळ करणारे. त्याहून मोठं म्हणजे तळी बांधणारे. त्यांच्या खापरपणज्यांनी डोंगराच्या पायथ्याशी मातीच्या अशा पाळी, म्हणजे बांध, घातल्या की अजून तिथं पाणी साठतं. त्या लोकांचं पाण्याचं वेड मी पुढं सांगणारच आहे, त्यातच तर सगळं आलं. तर तिचा नवरा उमराव गूळ विकायला गोंदियाला यायचा. रेल्वेमुळं गाव वाढताना त्यानं पाहिलं आणि गुळाच्या पैशातून फाटकापलीकडची एक सखल जागा घेतली. सखल म्हणून स्वस्त. तिथं मातीच्या भिंती आणि कवेलूंची छपरं घालून सात खोल्या काढल्या. भाडं गोळा व्हायला लागलं आणि उमराव तापानं गेला. पोरबाळ नव्हतं.

मग धाकटा दीर केशोराव आला आणि वहिनीला गावी घेऊन गेला. तीन वर्षं ती त्याच्या घरी होती. त्या तीन वर्षांत गोंदियातल्या भाडेकरूंनी भाडं म्हणजे काय हेच विसरायचं ठरवलं होतं. शेवटी एक दिवस ती म्हणाली, मी जाऊन वसूल करून आणते. गाडीत बसली, आली, आणि परत गेलीच नाही.

इथं आल्यावर भाडेकरूंनाही तिनं तळ्याचाच कायदा लावला. त्यांच्या गावात ज्याच्या वावराला तळ्याचं पाणी मिळतं त्यानं पावसाआधी पाळीवर माती टाकायला अंगानं यायचं, मग तो पाटील असो की आणखी कोणी. हिनं काय केलं, रोहिणी लागल्या की सगळ्या भाडेकरूंना छपरावर चढवायची. कवेलू फेरायचे, फुटके काढायचे, भिंतींना माती लावायची. "छताखाली निजता ना? मंग छतावर चढा." भैय्यालाल मुनीम धोतर सावरत शिडीवर उभा आणि खालून ती ओरडतेय, असं दृश्य आम्ही दरवर्षी फुकट पाहायचो. मजुरी तिला पडायची नाही, त्यामुळं गाडगी भरलेली राहायची. इंजिनावर कधी न घाबरलेला परसराम त्या शिडीवर मात्र घाबरायचा.

आता केशोराव. केशोराव काही राक्षस नव्हता, उगाच पाप का घेऊ. तो हिशेबी होता, आणि त्याचा हिशेब चुकीचा होता. गोंदियातल्या धानाच्या गिरणीच्या एका शेठनं त्या जागेवर डोळा ठेवला होता. लाईनीजवळची जागा, गोदामाला सोयीची. शेठनं चांगला भाव सांगितला. एकत्र कुटुंबातली विधवा म्हणजे पोटगीची धनीण, जागेवर हक्क दिराचा, असा तेव्हाचा रिवाज आणि कायदाही तसाच. केशोराव कोर्टातही गेला असता, पण वहिनीला कोर्टात ओढलं तर जातीत नाक कापलं जाईल, म्हणून तो पंचांकडे गेला. पंचांनी सांगितलं, आम्ही येऊन पाहतो. खोल्या खरंच पिकत असतील तर धुरपताकडे राहू दे. पिकत नसतील तर वीक, आणि बाईला घरी घेऊन जा.

ही बातमी धुरपताबाईला कळली त्या दिवशी ती पहिल्यांदा भाडं मागायची विसरली. मला भीतीच वाटली. मी विचारलं, "बाई, बरं नाही का?"

"पंच येऊन रायले," ती म्हणाली. "खोल्या गेल्या तं मले गावी जा लागन."

"मग जा की. दोन वेळचं आयतं मिळेल."

तिनं माझ्याकडे असं पाहिलं की मी माझ्या चुलीकडे वळले.

पोळा होऊन आठ-दहा दिवस झाले होते. धानाचा रोवणा, म्हणजे लावणी, संपला होता, म्हणून पंच मोकळे. केशोरावानं चौघांना बैलगाडीनं सौंदडला आणलं, तिथून रेल्वेनं गोंदियाला, सगळं आपल्या खर्चानं. वाटेत त्यांना पेढेही चारले होते असं नंतर कळलं. चौघांत मुख्य म्हणजे सेवकराम. म्हातारा, उंच, भुवया पांढऱ्याफेक. त्याच्या आज्यानं बांधलेल्या तळ्यावर त्यांचं अर्धं गाव जगतं म्हणे, आणि हे तो दर दुसऱ्या वाक्यात सांगायचा. बाकीचे तिघे एकमेकांचे साळे-मेव्हणे होते. त्यांची नावं मला तेव्हाही कळली नाहीत, कारण ते सेवकराम बोलला की मान हलवायचे आणि तो थांबला की भांडायचे.

पुढच्या सपरीत, म्हणजे ओसरीवर, बैठक बसली. धुरपताबाईनं सातही गाडगी आणून ओळीनं मांडली. पंच गाडगं उचलून वजन पाहायला लागले, भाजीवाल्याकडे भोपळा पाहावा तसं.

"पाहा जी," केशोराव म्हणाला. "शेठ देते तो पैसा मी उसाच्या वावरात घालतो. एका सालात एवढा गूळ निंगते का हे सात गाडगे झक मारतेत."

"ऊस सालातून एकडाव देते, भाऊजी," धुरपताबाई पदर डोक्यावर घट्ट ओढून म्हणाली. "खोली बारा डाव देते. आन उसाले कोल्हे खातेत. खोलीले खात नाईत."

"आन एक खोली तू सोताच खाऊन रायली, वयनी, तिचं? सात नाई, सहाच खोल्या पिकतेत. एक तुह्या पोटात जाते."

हे बरोबर होतं, कबूल करते. ज्या खोलीत ती स्वतः राहायची तिच्या गाडग्यात पै नसायची. सातव्या खोलीच्या दुहेरी भाड्यानं ती भरपाई करायची, पण केशोरावानं बोट नेमकं त्या रिकाम्या गाडग्यावरच ठेवलं. पंचांनी माना हलवल्या. सेवकराम म्हणाला, "बाई, तू मेहनत केली, खोटं नाई. पन एकटी बाई, पराये लोकं, रेल्वेचे खलाशी... हे शोभते का? घरी चाल. लाईनीच्या काठावर कायले मरतेस?" आणि तिघांनी लगेच माना हलवल्या.

संपलंच की. मी दारामागं उभी होते. मला, खरं सांगते, रडू आलं. ती गेली तर शेठ आम्हाला रस्त्यावर काढणार हे तर होतंच, पण तेवढंच नव्हतं. ती बाई तिथं बसली होती, नखानं जमीन कोरत. नखानं जमीन कोरणारी धुरपताबाई मी कधी पाहिली नव्हती.

मग ती उठली आणि म्हणाली, "जेवून घ्या. मंग सांगा काय सांगाचं ते."

जेवणं तिनं मागच्या सपरीत वाढली. मागं काय, तर आमच्या खोल्यांच्या पाठीशी सखल पट्टा आणि त्यातून वाहणारा नाला. लाईनीखालच्या मोरीतून वरच्या वावरांचं पाणी यायचं आणि आमच्या मागून धावत खाली जायचं. त्या दिवशी सकाळपासून पाऊस होता, नाला भरून चालला होता. पंचांची पानं अशी मांडलेली की चौघांची तोंडं नाल्याकडे. भात वाढता वाढता ती म्हणाली, "पानी पाहा जी मामाजी, किती जोरानं चाललं. चारी मईने असंच फुकट जाते."

सेवकरामाचा घास हातातच राहिला. "कोठून येते?"

"लाईनीच्या वरतून."

"आन कोनी पाळ नाई घालत?"

"कोन घालन? गोंद्यात सारे दुकानदार. पाळ घालनारे कोहळी होते, ते आता बुढे झाले." आणि आमटी वाढायला पुढं सरकली.

बापा! मी सांगते, देवीचा संचार यावा तसं झालं. चौघांनी हात धुतले तेही नाल्याच्या काठाशी जाऊन. एक म्हणाला, उतार इकडे आहे. दुसरा म्हणाला, तिकडे. तिसऱ्यानं काडी टाकून पाणी कसं वळतं ते पाहिलं. सेवकराम म्हणाला, "इथून तिथवर पाळ घातली तं शिंगाडे लावता येतेत. शिंगाड्याचा ठेका दिला तं खोल्याहून जास्त पैसा." कोपऱ्यात दोन-चार गाड्या मातीचा ढीग पडलेलाच होता. केशोराव म्हणत होता, "अजी मामाजी, आपल्याले निकाल द्याचा हाये, शेठ उद्या सकाळी येनार..." सेवकराम त्याच्याकडे वळून म्हणाला, "तू कोहळी हायेस का कोन हायेस? टोपलं घे."

आणि केशोरावानं टोपलं घेतलं! रक्तच ते. थोड्या वेळात धोतरं वर खोचून पाचही जण चिखलात. मग आम्हालाही बोलावलं. परसराम रात्रपाळी करून निजला होता, त्याला उठवलं. जेवायला घरी आलेल्या भैय्यालालला उठवलं. सुटी होती त्या खलाशांनाही पकडून आणलं. खलाशी शिंकत शिंकत माती वाहायला लागले. दुपार कलेपर्यंत पाळ उभी राहिली, आणि काय पाळ! म्हाताऱ्यांनी थरावर थर पायानं असे तुडवले की दगड झाला नुसता. मागं पाणी चढायला लागलं तसे चौघे लहान पोरांसारखे टाळ्या पिटायला लागले. सेवकराम म्हणाला, "आज्याची आठवन झाली." त्याच्या डोळ्यांत पाणी होतं.

आता तळ्याला सांडवा लागतो. म्हणजे पाणी फार वाढलं की पाळीवरून न जाता बाजूनं निघून जायची वाट. हे पोरालाही कळतं. चौघांनाही कळत होतं. सेवकराम म्हणाला, सांडवा डावीकडे. एक साळा म्हणाला, उजवीकडे. दुसऱ्या साळ्यानं त्याच्या बापाचा दाखला दिला. मग भांडण कुठल्या कुठं गेलं, कोणाच्या बापाचं तळं कोणत्या साली फुटलं इथपर्यंत. हातातल्या कुदळी टाकून चौघे सपरीत जाऊन चहा पीत भांडत बसले. सांडवा राहिला.

दिवेलागणीला पावसानं जोर धरला आणि पाणी मागच्या दारातून घरात आलं. आधी चुलीत, मग खाटेखाली. माझी तांदळाची ढोली तळातून भिजली. पेटी पाण्यात गेली. बाया ओरडताहेत, पोरं खाटेवर चढलीत, भैय्यालाल "हे राम, मेरा बिस्तर" म्हणून नाचतोय. पंच धावले पाळ फोडायला. पण फुटेल तर ती कोहळ्याची पाळ कसली! कुदळ मारली की उडून यायची. स्वतःच्याच हातानं घातलेली पाळ चौघांना फोडता येईना. सेवकराम शिव्या देत होता की कौतुक करत होता हे त्यालाही कळत नसावं. शेवटी सातव्या खोलीची मागची भिंत धाडकन आत बसली, पाणी त्या खोलीतून पुढं रस्त्यावर गेलं, आणि त्याच्यासोबत पंचांच्या पगड्या, जोडे आणि केशोरावाची वळकटीसुद्धा गेली. खोलीत नेमकं कोणी नव्हतं म्हणून जीव वाचले.

सकाळी शेठचा टांगा आला. घोडा गुडघाभर चिखलात थांबला, पुढं येईना. शेठनं उतरायचेही कष्ट घेतले नाहीत. "केशोरावजी, आपने मकान कहा था. ये तो तालाब है. तालाब का मैं क्या करूँगा?" भाव निम्मा केला, मग पुन्हा एकदा बघितलं आणि टांगा वळवायला सांगितला.

केशोराव पंचांकडे वळला. पंच उलट्या टाकलेल्या खाटांवर ओले बसले होते, डोक्याला पगडी नाही, पायात जोडा नाही. धुरपताबाई समोर उभी राहिली. आवाज चढवला नाही. "मामाजी, खोल्या पिकतेत का नाई, ते सांगा आता."

सेवकरामानं आपल्या अनवाणी, चिखलानं भरलेल्या पायांकडे पाहिलं. मग म्हणाला, "पिकत्या खोल्या आमीच बुडवल्या. बुडवलेल्या वावराचा हिशोब कोनी मांगत नाई. खोल्या धुरपता जिती हाये तोवर धुरपताच्या. आन भिंत आमी घालून देतो." केशोराव काही बोलणार होता, पण त्यानंही टोपली वाहिली होती, आणि ते सगळ्या चाळीनं पाहिलं होतं. पंच भिंत घालायला राहिले. चांगली घातली. जाताना धुरपताबाईनं केशोरावाकडून चौघांच्या मुक्कामाचं भाडं घेतलं.

हे सगळं हसायचं झालं. आता माझं ऐका.

ते गेले आणि मी पेटी उघडली. आईचं लुगडं होतं तिच्यात, हिरवं, माझ्या लग्नात आई नेसली होती ते. पुढच्याच वर्षी आई गेली. त्या लुगड्याचा रंग सुटून सगळ्या कपड्यांना लागला होता, आणि ते लुगडं स्वतः असं झालं होतं की पोतेरं बरं. मी ते घेऊन उन्हात बसले आणि डोकं भणभणायला लागलं. भर पावसाळ्यात मातीच्या गाड्या कोणी आणवल्या? त्या दिवसांत भिंतीला माती कोण लावतं? पंचांची पानं नाल्याकडे तोंड करून कोणी मांडली? तिसऱ्या खोलीतली प्रेमिला ओली बाळंतीण होती. तिला आदल्याच दिवशी धुरपताबाईनं आमगावला माहेरी धाडलं होतं, तेही तिकिटाचे पैसे स्वतः देऊन. धुरपताबाई आणि दुसऱ्याचं तिकीट! तेव्हाच मला कळायला हवं होतं. आणि तिची स्वतःची गाडगी, धान, अंथरूण सगळं पाणी यायच्या आधीच माळ्यावर.

मी लुगडं घेऊन तिच्या दारात गेले. "तुम्हाला ठाऊक होतं," मी ओरडले. "कोहळ्याची लेक तुम्ही, सांडवा राहिला हे तुम्हाला दिसलं नाही? तुम्ही मुद्दाम बुडवलं आम्हाला. बोला की आता! हे माझ्या आईचं होतं."

मला वाटलं नाही म्हणेल. ती खाली बसली.

"दिसलं होतं," ती म्हणाली. "भिंत जाईल असं नोहतं वाटलं. पानी येईल, हे वाटलं होतं."

"मी सेवकरामाला पत्र धाडते. भैय्यालालकडून लिहून घेते. सगळं सांगते."

"सांग. तुह्या हाती हाये." मग कमरेची तंबाखूची चंची काढून ती मांडीवर ठेवून बसली, उघडली नाही. "सुशिला, तीन सालं मी त्याच्या घरी होती. खायाले होतं, नेसाले होतं, खोटं कायले बोलू. कोनी मारलं नाई. पन चिमूटभर तंबाखू मले जाऊबाईले मांगा लागे. रोज. ती पोराईसमोर विचारे, काल देला होता तो सरला का? मी चाळीस सालाची बाई, वो. चिमटीसाठी हात पसरून उभी. त्या घरी मी जात नाई. तुमाले बुडवीन, पंचाले बुडवीन, पन जात नाई."

मी हातातल्या लुगड्याची घडी घालायला लागले. 

"लुगड्याचं पाप माहं हाये," ती म्हणाली. "ते मी वर जाऊन भोगीन. पन आज एक तारीख हाये. भाडं खोलीचं हाये, ते दे. माफ केलं तं साल हलकं भरन आन तो पुन्हा येईन."

लाज नाही, शरम नाही! मी तिला तोंडात येईल ते बोलले. मग घरी जाऊन पैसे आणले आणि तिच्यासमोर आदळले. भाडं कमी केलं नाही तिनं, आणि मी पत्रही धाडलं नाही, आजवर कोणालाच सांगितलं नाही. ती पैसे मोजायला लागली, दोनदा चुकली, तिसऱ्यांदा मीच मोजून दिले. मग तिनं चंची उघडली, चिमूट काढली, चुना लावून तळहातावर मळली आणि हात माझ्यापुढं धरला.

"घे," म्हणाली. "मांगू नोको."

मी जन्मात तंबाखू खाल्ला नव्हता. घेतला. सगळं अंगण गरगर फिरलं, घाम सुटला, आणि मी तिच्याच उंबऱ्यावर भडाभडा ओकले. दीर हरला तेव्हासुद्धा जिच्या चेहऱ्यावरची रेघ हलली नव्हती ती बया पोट धरधरून हसायला लागली, डोळे पुसत, पदर तोंडात कोंबत, आणि पाण्याचा तांब्या आणायला उठली तरी तिचं हसू थांबेना.